शोधशब्दाची संहिता आणि बातमीचे प्रामाण्य

'खातरजमा' हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. 'खातर' म्हणजे मन आणि 'जमा' म्हणजे एकत्र आलेले, स्थिरावलेले. मन ठिकाणावर येणे, निश्चिंत होणे हा त्याचा मूळ अर्थ. जुन्या मराठीत तो आश्वासन, हमी अशा अर्थच्छटांनी वावरतो. आज 'बातमीची खातरजमा करणे' असे म्हटले जाते तेव्हा सत्यशोधन अभिप्रेत असते. परंतु शब्दाच्या पोटातील जुना अर्थ पुरता नाहीसा झालेला नाही. खातरजमा होते ती मनाची. वस्तुस्थितीची होतेच असे नाही. एखादी बातमी शोधयंत्राच्या चौकटीत टाकून 'हे खरे आहे का' ते पाहण्याची जी रीत गेल्या दोन दशकांत रूढ झाली, तिच्या चिकित्सेला या अंतरापासूनच आरंभ करावा लागतो.

हा विषय माध्यमविद्येचा किंवा संगणकशास्त्राचा आहे, साहित्यसमीक्षेने त्यात पडण्याचे कारण काय, अशी शंका कोणी घेईल. कारण साधे आहे. शोधाच्या चौकटीत टंकलेले चार-पाच शब्द ही एक संहिता असते, आणि ती वाचकाने लिहिलेली असते. वाचक संहितेतील रिकाम्या जागा भरून काढतो, अर्थाच्या घडणीत त्याचा वाटा असतो, हे वोल्फगांग इझर यांच्यापासून अनेकांनी सांगितले. पण हा वाटा नेमका कसा उचलला जातो याचा लेखी पुरावा समीक्षेच्या हाती क्वचितच लागला. शोधशब्द हा तसा पुरावा आहे. बातमी वाचल्यानंतर, तिच्याविषयी संशय आल्यानंतर, वाचक पहिले वाक्य कोणते लिहितो हे त्यातून दिसते. आणि जे दिसते ते काहीसे अस्वस्थ करणारे आहे. हे वाक्य बहुधा वाचकाचे नसते, ते बातमीचेच असते. संशय वाचकाचा, शब्द मात्र संशयिताचे, अशी ही विचित्र घडण आहे.

केव्हिन ॲस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे जे संशोधन 'नेचर' या नियतकालिकात डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचे महत्त्व या दृष्टीने आहे. अमेरिकेतील वाचकांना ताज्या बातम्या देऊन, त्यांपैकी काहींना त्या ऑनलाइन शोधून पडताळण्यास सांगून, हे प्रयोग करण्यात आले. अपेक्षा अशी की शोध घेणाऱ्यांचा खोट्या बातमीवरील विश्वास कमी व्हावा. प्रत्यक्षात तो वाढला. खोटी बातमी खरी मानण्याची शक्यता शोधामुळे सुमारे १९ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. हा परिणाम सर्वांवर सारखा नव्हता. ज्यांच्या शोधाला हलक्या प्रतीचे निष्कर्ष मिळाले त्यांच्या बाबतीत तो प्रामुख्याने दिसला. मग असे निष्कर्ष कोणाला मिळतात? ज्यांनी बातमीचा मथळा किंवा तिचा दुवा जसाच्या तसा चौकटीत टाकला, त्यांच्या ७७ टक्के शोधांत पहिल्या दहा निष्कर्षांमध्ये निदान एक तरी अविश्वसनीय बातमीस्थळ होते. ज्यांनी तसे केले नाही त्यांच्या बाबतीत हे प्रमाण २१ टक्के होते.

आकड्यांपेक्षा त्या संशोधनातील एक उदाहरण समीक्षकाला अधिक काही सांगते. कोविड काळातील टाळेबंदी आणि लसींची सक्ती यांमुळे अमेरिकेत त्या हिवाळ्यात व्यापक उपासमार होईल, असा इशारा देणाऱ्या एका बातमीच्या मथळ्यात 'इंजिनिअर्ड फॅमिन' असा शब्दप्रयोग होता. मराठीत सांगायचे तर 'घडवून आणलेला दुष्काळ'. या विशेषणाकडे नीट पाहावे. त्यात कर्ता अनुक्त आहे, पण कर्त्याचे अस्तित्व गृहीत आहे. हेतू सांगितलेला नाही, पण तो असल्याचा निवाडा झालेला आहे. म्हणजे ज्याची पडताळणी व्हायची तो सगळा आरोप एका विशेषणात आधीच सिद्ध होऊन बसला आहे. 'दुष्काळ' असा शोध घेणारा वाचक शेती, पुरवठा, भाव यांच्यापर्यंत पोहोचेल. 'घडवून आणलेला दुष्काळ' असा शोध घेणारा वाचक फक्त त्या विशेषणाच्या कारखान्यात पोहोचतो, कारण हे दोन शब्द या क्रमाने लिहिणारे दुसरे फारसे कोणी नसतातच. मायकल गोलेबिएवस्की आणि डॅना बॉइड यांनी अशा जागांना 'डेटा व्हॉइड' असे नाव दिले आहे. विदेची पोकळी, असे मराठीत म्हणता येईल. ज्या शब्दांवर विश्वसनीय असे काही लिहिलेच गेलेले नाही, तेथे शोधयंत्र रिकाम्या हाताने परतत नाही. जे असेल ते आणून देते.

हे प्रयोग इंग्रजी वाचकांवर झालेले आहेत. त्यांचे निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लावणे घाईचे होईल. तथापि शोधशब्दाच्या व्याकरणाचा विचार मराठीत स्वतंत्रपणे करता येतो, आणि तो अधिक फलदायी ठरतो. कारण मराठीकडे एक अव्यय आहे: 'म्हणे'.

'दोन हजारांच्या नोटेत चिप बसवली आहे म्हणे.' या वाक्यातील शेवटच्या शब्दाने केवढे काम केले आहे! बोलणारा बातमी पोहोचवतो, पण तिची हमी घेत नाही. ती कोणाकडून तरी आलेली आहे, तो कोणीतरी येथे हजर नाही, आणि ऐकणाऱ्याने आपली जबाबदारी ओळखून ती घ्यावी, एवढे सगळे दोन अक्षरांत सांगितले जाते. 'असे ऐकतो', 'लोक बोलतात', 'कानावर आले' हे प्रयोग त्याच कुळातले. ऐकीव ज्ञानाला ऐकीव म्हणून वेगळे ठेवण्याची ही भाषिक शिस्त आहे, आणि ती निरक्षर माणसालाही जन्मतः मिळते. अफवेसाठी मराठीत असलेल्या शब्दांतही असाच विवेक दिसतो. आवई उठते, तिला कर्ता नसतो. कंडी पिकवली जाते, तिला कर्ता असतो. हूल दिली जाते, तिच्यामागे डावपेच असतो. वदंता असते, तिला नुसती चाल असते. 'फेक न्यूज' या एका शब्दाने हे सारे भेद पुसून टाकले, ही गोष्ट जाता जाता नोंदवण्यासारखी आहे.

आता हेच वाक्य शोधाच्या चौकटीत जाते तेव्हा काय होते ते पाहावे. विभक्ती गळते, क्रियापद गळते आणि 'म्हणे' तर सर्वांत आधी गळते. उरते ते 'दोन हजार नोट चिप'. शोधयंत्राला नामे पुरतात, हे वापरणाऱ्याला सवयीने कळलेले असते. परंतु नामांची ही रांग म्हणजे व्याकरणदृष्ट्या वृत्तपत्राचा मथळाच असतो. मथळ्यातही काळ नसतो, वक्ता नसतो, संशय नसतो. संशयाने सुरू झालेली क्रिया अशा रीतीने आपल्या पहिल्याच पायरीवर संशयाची खूण पुसते आणि विधान होऊन बसते. काही जण शेवटी 'खरे का' असे जोडतात. तो प्रामाणिक प्रयत्न असला तरी 'खरे की खोटे?' हा आता मथळ्यांचाही आवडता साज झाला आहे. मथळा आणि शोधशब्द यांची भाषा एक झाल्यावर एकाने दुसऱ्याला तपासावे कसे?

नोटेचे उदाहरण येथे काल्पनिक नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारांच्या नोटा चलनातून रद्द झाल्या आणि त्याबरोबरच दोन हजारांच्या नव्या नोटेत 'नॅनो जीपीएस चिप' असल्याची कथा देशभर पसरली. चिपला विजेची गरज नाही, ती उपग्रहाचा संकेत परतवते, जमिनीखाली १२० मीटर पुरलेली नोटही सापडते, असा तपशील तिला जोडलेला होता. काही वृत्तवाहिन्यांनीही ती गांभीर्याने मांडली. 'नॅनो', 'जीपीएस', 'चिप' आणि 'नोट' हे चार शब्द त्या कथेपूर्वी एकत्र येण्याचे काही कारणच नव्हते. त्यामुळे हे चार शब्द घेऊन शोधायला निघालेल्यासमोर प्रथम ती कथाच येणार, तीही अनेक तोंडांनी. पुढे खंडनेही प्रसिद्ध झाली, पण अफवेच्या तापलेल्या घटकेला ती नव्हती. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने मात्र नव्या नोटेच्या वैशिष्ट्यांची यादी प्रसिद्ध केलेली होती: उजेडात धरल्यावर जुळणारा आकडा, नोट तिरपी केल्यावर हिरव्याचा निळा होणारा धागा, दृष्टिहीनांसाठी उठावाच्या रेषा, मागील बाजूस मंगळयान. त्या यादीत चिप नव्हती, म्हणून चिप शोधणाऱ्याला ती यादी भेटण्याचेही कारण नव्हते. 'दोन हजारांच्या नोटेत काय काय आहे' असे विचारणाऱ्याला ती भेटली असती. तसेच, जीपीएसचे यंत्र उपग्रहाचे संकेत फक्त ग्रहण करते, आपला ठावठिकाणा दुसऱ्यास कळवायचा तर त्याला प्रक्षेपक आणि ऊर्जा दोन्ही लागतात, ही माहितीही नोटेचा उल्लेखही नसलेल्या पानांवर होती. बातमीला उत्तर देणारे ज्ञान बातमीच्या शब्दांत लिहिलेले नसते, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते.

भारतीय ज्ञानमीमांसेत या पेचाला जुने नाव आहे. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतः असते की परतः, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातील प्रसिद्ध वाद. मीमांसकांच्या मते बाधक ज्ञान उभे राहीपर्यंत ज्ञान प्रमाणच असते. नैयायिकांच्या मते प्रामाण्य त्या ज्ञानाबाहेरील कशावरून तरी, मुख्यतः त्यावर आधारलेल्या प्रवृत्तीच्या साफल्यावरून, ठरते. दैनंदिन व्यवहारात माणूस बहुधा मीमांसक असतो, आणि तसा तो नसता तर व्यवहार ठप्पच झाला असता. बातमी तपासायला निघतो त्या क्षणी तो नैयायिकाचा मार्ग धरतो. 'पर' शोधू लागतो. पण बातमीचेच शब्द घेऊन निघालेल्या शोधाला जो 'पर' भेटतो तो वेषांतर केलेला 'स्व' असतो. तर्कशास्त्रात याला आत्माश्रय दोष म्हणतात. दोन स्थळे एकमेकांचा हवाला देत असतील तर तो अन्योन्याश्रय. सामान्य अंधश्रद्धेपेक्षा हा दोष अधिक घट्ट असतो. ज्याने तपासलेच नाही त्याला निदान आपण तपासलेले नाही हे ठाऊक असते.

हा दोष शोधयंत्राने जन्माला घातला, असे मात्र समजू नये. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता देशभर आणि परदेशातील मंदिरांपर्यंत पसरली तेव्हा शोधयंत्रे सामान्य माणसाच्या हाती नव्हती. त्या दिवशी लोकांनी नुसता विश्वास ठेवला असे म्हणणे अन्यायाचे होईल. हजारोंनी खातरजमा केली. ते चमचा घेऊन देवळात गेले, तो सोंडेला लावला आणि दूध कमी झालेले डोळ्यांनी पाहिले. प्रत्यक्षप्रमाणच ते. दुर्दैव एवढेच की परीक्षेची रीतही वार्तेनेच पुरवली होती: द्रव दूध, भरलेला चमचा, सोंडेला किंवा ओठांना स्पर्श. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांच्यामुळे ही परीक्षा प्रत्येक वेळी उत्तीर्णच होणार होती. दिल्लीतील शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला तेव्हा ते मूर्तीवरून खाली ओघळताना दिसले. रंग हा वार्तेच्या शब्दसंग्रहात नसलेला प्रश्न होता. प्रश्न हा उत्तराचे क्षितिज आखतो, ही गादामेर यांची मांडणी तत्त्वज्ञानाच्या वर्गात अमूर्त वाटते. त्या चमचाभर रंगात ती मूर्त झालेली आहे.

शोधाच्या पानावर बातमीला दहा निष्कर्षांचा दुजोरा मिळालेला पाहून वाचक जो समाधानी होतो, त्याच्या समाधानात संख्येचा वाटा मोठा असतो. येथे पाठचिकित्सेचा अनुभव आठवावा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध होत असताना वि. सी. सुखटणकरांपुढे देशभरातून आलेली हस्तलिखिते होती. एखादा श्लोक अधिक पोथ्यांत आहे म्हणून तो मूळचा, हा निकष त्यांनी नाकारला. एकाच पोथीवरून उतरलेल्या पन्नास प्रती म्हणजे पन्नास साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष पन्नासदा नोंदलेली असते. त्यांनी पोथ्यांची कुळे लावली, आणि परस्परांपासून दूर, स्वतंत्रपणे वाढलेल्या परंपरा, विशेषतः काश्मिरी आणि दाक्षिणात्य, जेथे एकमुखाने बोलतात तेथे विश्वासाला आधार मानला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढताना हेच केले. पानिपतच्या काळाविषयीच्या बखरी त्यांनी आणखी बखरींशी ताडल्या नाहीत. त्या समकालीन पत्रांशी ताडल्या, आणि त्यांतील कालनिर्देश, नावे, घटनाक्रम कोठे ढासळतात ते दाखवले. दुजोरा द्यायचा तर साक्षीदार दुसऱ्या घरचा हवा, ही शिस्त मराठी विद्याव्यवहाराला परकी नाही. ती ग्रंथालयाच्या आवारातच राहिली, हे खरे.

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासाला या पार्श्वभूमीवर एक गमतीदार कडा प्राप्त होते. दहा इतिहासतज्ज्ञ, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली होती. इतिहासतज्ज्ञांपैकी अनेक आणि बहुतेक विद्यार्थी समोरच्या पानाच्या सुबक मांडणीला, अधिकृत वाटणाऱ्या नावाला फसले, कारण ते ते पान वरून खाली लक्षपूर्वक वाचत राहिले. तपासनीस मात्र ते पान जवळजवळ लगेच सोडून गेले. त्या संस्थेविषयी इतर काय म्हणतात हे त्यांनी नवी पाने उघडून पाहिले. या आडव्या वाचनात त्यांचे साधन तेच होते, शोधयंत्र. बदलला होता तो प्रश्न. 'हे काय म्हणते' याऐवजी 'हे म्हणणारा कोण' हा प्रश्न त्यांनी आधी घेतला. संहितेचे सूक्ष्म वाचन हाच ज्यांचा धर्म, त्या समीक्षकांना ही गोष्ट थोडी बोचेल. सूक्ष्म वाचनाला पात्र ठरण्याआधी संहितेचे कूळ विचारावे लागते, हे सुखटणकरांच्या वाचकाला तरी नवे वाटू नये.

या कुळाचा माग आता अधिक पुसट होत आहे. २०२४ पासून गूगलने आधी अमेरिकेत आणि मग भारतात शोधाच्या पानावर यंत्ररचित उत्तर देण्यास सुरुवात केली. दहा निष्कर्ष वेगवेगळ्या नावांखाली दिसत होते तोवर निदान नावे दिसत होती. एकाच सलग, सौम्य, आत्मविश्वासपूर्ण गद्यात ती विरघळतात; दुवे बाजूला असतात, पण गद्य वाचून झाल्यावर तिकडे वळण्याची गरज किती जणांना भासेल? पन्नास प्रतींची एक गुळगुळीत संहिता करून तिच्यावरचा चिकित्सेचा तळटिपांचा थर काढून टाकावा, असा हा प्रकार आहे.

मराठी वाचकाची अडचण याहून एका पायरीने मोठी आहे. इंग्रजी विकिपीडियावर सत्तर लाखांच्या घरात लेख आहेत, मराठीवर सुमारे १ लाख. विश्वासार्ह मजकुराच्या या विरळपणामुळे मराठी शोधशब्दांना पोकळ्या लवकर भेटतात. 'जन गण मन' हे युनेस्कोने जगातील सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवले, ही २००८ च्या सुमारास पसरलेली आणि नंतर दर काही वर्षांनी परतणारी वार्ता घ्यावी. तीत कोणाचेही वैर नाही, उलट अभिमान आहे. म्हणून ती तपासावीशी वाटत नाही, आणि वाटलीच तर 'युनेस्को सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत' असेच शब्द बोटांतून उमटतात. 'सर्वोत्कृष्ट' या शब्दासह शोध निघाला की अभिनंदनांच्या मजकुरांशीच त्याची गाठ पडण्याचा संभव अधिक. 'युनेस्को राष्ट्रगीतांची तुलना करते का?' हा प्रश्न विचारण्यासाठी आधी अभिमान क्षणभर बाजूला ठेवावा लागतो. युनेस्को तशी निवड करीत नाही.

आणि काही बातम्या अशा असतात की त्यांना प्रश्नच उरू दिलेला नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मंगळवेढ्याच्या बाजूने पोटासाठी आलेली ही माणसे होती. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात त्यांना डांबून ही मारहाण झाली. मुले पळवणाऱ्यांविषयीचे संदेश त्या भागात आधीपासून फिरत होते. अशा वेळी कोणी शोधयंत्र उघडत नाही, आणि उघडून 'मुले पळवणारी टोळी' असे टाकले असते तर काय हाती लागले असते हे वरील विवेचनावरून ताडता येते. 'हे म्हणणारा कोण' हा तपासनिसांचा प्रश्न येथे यंत्राला विचारायचा नव्हता. समोर उभ्या माणसांना 'तुम्ही कोण, कोठले' एवढे विचारून उत्तर ऐकून घ्यायचे होते, आणि डवरी गोसाव्यांची फेरी महाराष्ट्राच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

त्या वर्षीच्या अफवांबरोबर देशभर फिरलेली एक चित्रफीत या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखी आहे. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला मोटारसायकलवरील दोघे उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मुळात ती कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली फीत होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक उघडून दाखवतात. भारतात फिरलेल्या रूपात मूल परत आणण्याचे दृश्य नव्हते, आणि फलकही नव्हता.